तुझ्या भल्यासाठी



ज्या ग्रंथपाल बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या टेबलावर कुठलेही पुस्तक हलके ठरत नसे. ज्ञानेश्वरीवरचे विवेचन न्या, नाहीतर लागोपाठ चार प्रेमकथा न्या, बाई सारख्याच आस्थेने नोंद करत. पुस्तक परत आले की विचारत, "कसं वाटलं?" आणि उत्तर ऐकायला थांबत. आज मी त्या प्रश्नाचेच उत्तर देणार आहे. पुस्तके मात्र त्यांच्या काळातली नाहीत. २०१५ पासून इंग्रजीत आलेल्या आणि आपल्या घरातल्या तरुण मुली रात्र रात्र जागून वाचतात त्या कादंबऱ्यांबद्दल मला बोलायचे आहे: प्रेमकथा, अद्भुतकथा आणि या दोहोंचा संकर असलेला 'रोमँटसी' नावाचा प्रकार. बोलताना काही शेवट उघड करावे लागतील. ज्यांना स्वतः वाचायचे आहे त्यांची आधीच क्षमा मागते.

या प्रकाराचा पसारा किती, ते थोडक्यात सांगते. रिबेका यॅरोस या अमेरिकन लेखिकेची 'फोर्थ विंग' मे २०२३ मध्ये आली, दुसरा भाग 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि तिसरा, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी २०२५ मध्ये. या तिसऱ्या भागाच्या पहिल्या आठवड्यातच सुमारे २७ लाख प्रती खपल्या. त्याआधी २०१५ मध्ये सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका सुरू झाली. हॅरी पॉटर छापणाऱ्या ब्लूम्सबरीनेच ती छापली. एमिली हेन्री यांची निव्वळ आजच्या जगातली, जादूटोणा नसलेली प्रेमकथा २०२० ते २०२५ या काळात दरवर्षी एक अशी आली. खपाच्या आकड्यांवरून पुस्तकाची प्रत ठरत नाही, हे मान्य. पण लाखो बायका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हातात घेतात तेव्हा त्यांच्या जगण्यातले काहीतरी त्या गोष्टीला नेमके सापडलेले असते. मला काय सापडले, ते सांगते.

जुन्या प्रेमकथेत दोघांच्या आड यायचे ते घराणे, पैसा, जात, वडिलांचा हट्ट. हे अडसर अजून संपलेले नाहीत, पण या नव्या कादंबऱ्यांत ते मागे सरकले आहेत. तिथे दोघांच्या मध्ये उभी असते ती एकाने दुसऱ्यापासून लपवलेली गोष्ट. आणि लपवणाऱ्याचे कारण ठरलेले असते: तुझ्या भल्यासाठी. बाप हेच म्हणतो, नवरा हेच म्हणतो, राजा आणि सरकारही हेच म्हणतात. आपल्यातल्या किती जणींनी हे वाक्य ऐकले असेल ते मोजायची गरज नाही. बदलीची बातमी, घरावरचे कर्ज, डॉक्टरांनी सांगितलेले निदान, अशा कितीतरी गोष्टी घरातल्या बाईला सगळ्यात शेवटी कळतात. म्हणून या कादंबऱ्या वाचताना मी एकच पाहते: 'तुझ्या भल्यासाठी' या वाक्याला लेखिका काय उत्तर देते?

सुरुवात मास यांच्यापासून करते, कारण त्यांनी या प्रश्नाला सगळ्यात जोरकस उत्तर दिले आणि पुढे त्यांनीच ते मोडले.

फेरा ही तीन बहिणींतली धाकटी. बापाचा व्यापार बुडालेला, घरात खायची भ्रांत, आणि ही रानात शिकार करून सगळ्यांचे पोट भरते. एक दिवस तिच्या बाणाने एक लांडगा मरतो. तो रूप पालटलेला परीलोकातला कुणी असतो, आणि त्याची भरपाई म्हणून तिला टॅमलिन या सरदाराच्या वाड्यात जाऊन राहावे लागते. 'ब्युटी अँड द बीस्ट'चाच हा सांगाडा. मग शाप, प्रेम आणि त्याला सोडवण्यासाठी दुष्ट राणीसमोर द्यायच्या तीन परीक्षा.

यातल्या दुसऱ्या परीक्षेपाशी मला थांबायचे आहे. भिंतीवर कोडे लिहिलेले आहे, समोर तीन दांडे आहेत, वरून खिळ्यांचे तापलेले छत खाली येते आहे आणि पलीकडे एक मित्र साखळीने जखडलेला आहे. कोडे वाचून योग्य दांडा ओढला की दोघेही सुटतील. पण फेराला वाचता येत नाही. तलवारीला, अंधाराला, राक्षसाला सामोरी गेलेली ही मुलगी अक्षरांपुढे हतबल होते, आणि तिला मरणाइतकीच भीती वाटते ती आपले हे गुपित चारचौघांत उघडे पडण्याची. शेवटी तळहातावरच्या गोंदणातून एक कळ येते. चुकीच्या दांड्याकडे हात गेला की ती कळ वाढते. ती पाठवणारा रीसँड तोवर शत्रूच्या गोटातला म्हणूनच आपल्याला माहीत असतो. पऱ्यांच्या राज्यात साक्षरतेला जीवनमरणाचा प्रश्न करणारी ही लेखिका साधी नाही, हे मला त्या पानांवर कळले. दुसऱ्या भागात हाच रीसँड तिला लिहायला-वाचायला शिकवतो. गिरवायला तो स्वतःच्याच स्तुतीची वाक्ये देतो आणि ती वैतागून गिरवत जाते. प्रेमप्रसंग म्हणून मला हा कुठल्याही आलिंगनापेक्षा सरस वाटतो.

पण २०१६ च्या या दुसऱ्या भागाचे, 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्यूरी'चे, खरे बळ आणखी वेगळ्या जागी आहे. राक्षसाचा राजपुत्र झाला की गोष्ट संपते, अशी आपल्याला सवय. मास विचारतात, मग त्या राजपुत्राच्या घरात पुढे काय होते? ज्याच्यासाठी फेराने प्राण दिले आणि ती पुन्हा जिवंत होऊन उठली, तो टॅमलिन तिला घराबाहेर पडू देत नाही. शत्रू टपलेले आहेत, तू अजून सावरलेली नाहीस, राज्यकारभाराची दगदग तुला नको. आणि एका सकाळी तो वाड्याभोवती जादूची भिंत घालून, तिला आत कोंडून निघून जातो. तिचा श्वास कोंडतो, ती कोसळते. हे वाचून मी पहिला भाग पुन्हा उघडला. टॅमलिनचे वागणे तिथेही असेच होते. त्याचे अर्धवट बोलणे, धोका काय आहे ते न सांगणे, तिच्या वतीने ठरवून टाकणे, सारे पानोपानी होते. पहिल्या वाचनात मी त्याला काळजी म्हटले होते. नायकाला नायक म्हणूनच उभा करून, त्याच्या त्याच गुणांतून तुरुंग कसा उगवतो हे दाखवणे, आणि तेही लोकप्रिय प्रेमकथेच्या चौकटीत, हे मोठे काम आहे. आमच्या पिढीने वाचलेल्या प्रेमकथांत असा नायक शेवटच्या पानावर मंगळसूत्र बांधत असे.

रीसँडही एक मोठी गोष्ट तिच्यापासून लपवतो. दोघांचे नाते दैवानेच जोडलेले आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक असते. पण तिथे लेखिका त्याला सोडत नाही. फेरा निघून जाते, त्याला थांबायला लावते, सगळे पहिल्यापासून सांगायला लावते आणि मगच निर्णय घेते. इथपर्यंत मी मास यांची निष्ठावंत वाचक होते.

२०२१ मध्ये 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स' आले. त्यात फेरा गरोदर आहे. पोटातल्या बाळाला पंख आहेत आणि बाळंतपणात तिचा जीव जाणार, हे रीसँडला कळलेले आहे. त्याच्या आसपासच्या सगळ्यांना कळलेले आहे. फक्त तिला नाही. तिला त्रास होऊ नये म्हणून सर्वांनी तोंडे मिटून घेतली आहेत. तिची थोरली बहीण नेस्टा एका भांडणात रागाच्या भरात ते बोलून टाकते. पुढे काय व्हावे? टॅमलिनला ज्या न्यायाने दोषी ठरवले तोच न्याय इथे लागायला हवा होता. प्रत्यक्षात रीसँड नेस्टावर संतापतो, तिला शहराबाहेर न्यावे लागते आणि डोंगरदऱ्यांतून तिची खडतर पायपीट सुरू होते. खरे बोलणारीला शिक्षा झाली. लपवणाऱ्याला फेरा माफ करते, आणि वाचकानेही माफ करावे अशी लेखिकेची अपेक्षा दिसते. मी केलेले नाही. भिंत घालणारा पहिला सरदार खलनायक आणि बायकोच्या शरीराबद्दलचे सत्य तिच्यापासून दडवणारा दुसरा सरदार आदर्श पती, हे एकाच मालिकेत मला पटवून घेता येत नाही. नायक एकदा वाचकांचा लाडका झाला की त्याच्याकडून हिशेब मागणे लेखिकेलाही अवघड जात असावे. गंमत म्हणून वाचा, असे मला पुष्कळ जणींनी सुचवले. पण दुसऱ्या भागाने मलाच कडक वाचायला शिकवले होते. ते पुढच्या भागापाशी विसरायचे कसे?

यॅरोस यांची शैली मास यांच्याइतकी भरजरी नाही. कित्येकदा ती सपाट आहे, आणि ड्रॅगनांच्या राज्यातली पोरे अमेरिकेतल्या कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्यासारखी बोलतात, ते मला खटकते. तरी 'फोर्थ विंग'ची सुरुवात विलक्षण आहे. व्हायोलेट ही ग्रंथागारात वाढलेली मुलगी. वडील लेखनिक होते, तिलाही त्याच मार्गाने जायचे होते. पण सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या युद्धविद्यालयात धाडते. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात, हाडे नाजूक आहेत. यॅरोस यांना स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा सांध्यांचा विकार आहे, त्यामुळे त्या दुखण्याचे वर्णन वरवरचे नाही. व्हायोलेट सांध्यांना पट्ट्या बांधते, उद्या कुठला खांदा दगा देईल याचा अंदाज घेते, ते सगळे भोगून लिहिलेले आहे.

प्रवेशाची पहिली परीक्षा म्हणजे खोल दरीवरची एक अरुंद दगडी वाट. धरायला काही नाही आणि पाऊस लागलेला. रांगेत भेटलेल्या एका अनोळखी मुलीच्या बुटांचे तळ गुळगुळीत आहेत हे व्हायोलेटच्या ध्यानात येते. ती आपला एक बूट तिला देते, तिचा एक घेते. दोघींना एकेक पाय तरी घट्ट रोवता येईल. मग त्या वाटेवर पाऊल टाकताना, भीती आवरण्यासाठी, व्हायोलेट ग्रंथागारात पाठ केलेली माहिती मोठ्याने म्हणू लागते: राज्याचा भूगोल, इतिहास, तह. ती मोडून पडत नाही ती या पाठांतराच्या जोरावर. आणि पुढे कळते की यातला बराचसा इतिहास खोटा आहे.

इथे यॅरोस यांनी प्रेमकथा आणि राजकारण एकाच दाव्याला बांधले आहे. सीमेपलीकडे जमिनीचे सत्त्व शोषणारे भयंकर शत्रू आहेत, आणि राज्यकर्त्यांनी पिढ्यानपिढ्या ते नागरिकांपासून दडवले आहे. त्यांच्याबद्दलची पुस्तके ग्रंथागारातून नाहीशी केली आहेत. कारण अर्थातच प्रजेचे भले. झेडन, म्हणजे बंडखोराचा मुलगा आणि तिचा प्रियकर, याला हे ठाऊक असते, तो त्या शत्रूंशी लढणाऱ्यांना चोरून शस्त्रे पुरवत असतो, आणि तोही तिच्यापासून ते लपवतो. सरकारने फसवले याचा संताप आणि प्रियकराने फसवले याचा संताप व्हायोलेटच्या मनात वेगळे राहत नाहीत. दुसऱ्या भागात ती झेडनकडे सगळे उघड करण्याचा आग्रह धरते, तो म्हणतो तू विचार, मी सांगेन. तिचे म्हणणे, जे आहे हेच मला माहीत नाही ते विचारणार कसे? या भांडणाला काही वाचक कंटाळले. मला ते मालिकेतले सगळ्यात खरे भांडण वाटते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज भरणाऱ्या कुणालाही विचारा, प्रश्न नेमका विचारता येण्यासाठी आधी अर्धे उत्तर माहीत असावे लागते.

'ऑनिक्स स्टॉर्म'बद्दल माझे मत चांगले नाही. बेटांमागून बेटे येतात, प्रत्येक बेटावर एक कसोटी, आणि कथा पुढे सरकत नाही. शेवटी व्हायोलेट जागी होते तेव्हा बोटात अंगठी आहे, झेडन निघून गेला आहे आणि मधल्या काही तासांची आठवण पुसलेली आहे. ती पुसायला तिनेच मैत्रिणीला सांगितले होते. सत्यासाठी तीन भाग झगडलेली बाई आता स्वतःपासूनच काही लपवते, ही कल्पना फार मोठी आहे. पण ती नेमकी शेवटच्या पानावर ठेवल्यामुळे मला शंका येते. पात्रांनी एकमेकांपासून लपवलेले गुपित वेगळे, आणि पुढचा भाग विकला जावा म्हणून वाचकापासून राखून ठेवलेले गुपित वेगळे. पहिल्यातून माणसे कळतात. दुसऱ्याने फक्त उत्सुकता ताणली जाते. मालिका पाच भागांची ठरलेली आहे. उरलेल्या दोन भागांत यॅरोस यांनी ही आठवण नुसती परत दिली तर मी निराश होईन. ती पुसण्याचा निर्णय व्हायोलेटने का घेतला, त्याची किंमत काय, हे त्यांनी लिहायला हवे.

एमिली हेन्री यांच्याकडे ड्रॅगन नाहीत, तरी मुद्दा तोच. 'बीच रीड'मधल्या जॅन्युअरीला वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी कळते की त्यांचे दुसऱ्या एका बाईशी संबंध होते. ती सुखान्त प्रेमकथा लिहून पोट भरणारी लेखिका, आणि ज्या आईवडिलांच्या संसारावरून तिने प्रेमाची कल्पना घेतली तो संसारच तिला पुरा माहीत नव्हता. 'हॅपी प्लेस'मध्ये मोडलेला साखरपुडा मित्रमंडळींपासून लपवण्यासाठी एक जोडपे सुट्टीभर सोंग करते. हेन्री यांचे संवाद चुरचुरीत असतात, त्यांना बहिणी आणि मैत्रिणी फार छान लिहिता येतात. प्रियकर मात्र पुस्तकागणिक एकाच साच्यातला होत चालला आहे.

मराठी वाचकाला अद्भुतात गुंफलेले प्रेम नवे नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ मधली, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ मधली. ताटातूट, संकटे, योगायोग आणि अखेर मीलन. पुढे १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली आणि मराठी कादंबरीने घराच्या माजघरात पाय ठेवला. 'पण लक्षात कोण घेतो?'मधल्या यमूचे दुःख आपण त्यामुळे पाहू शकलो, ते ऋण मोठेच आहे. पण त्या वळणावर अद्भुत हळूहळू मुलांच्या कपाटात गेले, आणि प्रेमकथा लायब्ररीच्या कपाटात. शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या बायकांनी पाने सुटेपर्यंत वाचल्या. समीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले ते बहुधा वरूनच. त्यांच्या नायिकांना काय कळत होते, काय कळू दिले जात नव्हते, असा प्रश्न घेऊन कुणी ती कपाटे पुन्हा उघडावीत, अशी माझी फार इच्छा आहे.

आता ज्या कादंबरीवर माझा सर्वांत जास्त जीव आहे तिच्याकडे येते. नेओमी नोव्हिक यांची 'स्पिनिंग सिल्व्हर', २०१८ ची. हिचा गाजावाजा त्या मानाने कमी झाला. मिर्यम ही एका ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका मवाळ की वसुलीच करत नाही. गाव त्यांच्या पैशावर जगते आणि त्यांनाच हिणवते. आई आजारी पडते तेव्हा मिर्यम वही घेऊन दारोदार जाते आणि येणे वसूल करू लागते. चांदीचे सोने करू शकते अशी तिची ख्याती होते, आणि हिमलोकाचा राजा ती खरी करायला तिच्या दारी चांदीची नाणी ठेवतो. तीनदा ती अट पुरी करते आणि बक्षीस म्हणून तो तिला बळेच राणी करून नेतो.

तिथे तिला कुणी काही सांगत नाही. तेव्हा ती सौदा करते: पत्नी म्हणून माझे जे हक्क तुझ्यावर लागू होतात ते मी सोडते, त्या बदल्यात तू रोज रात्री माझ्या ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यायची. प्रेमकथेत मी वाचलेला हा सर्वांत शहाणा करार. दागिने नकोत, आर्जवे नकोत, माहिती हवी. आणि हिमलोकातली माणसे ज्या एका गोष्टीला जिवापाड जपतात ती म्हणजे स्वतःचे खरे नाव. ज्याला ते कळले त्याच्या हाती तो माणूस सापडला. कादंबरीच्या अखेरीस तो राजा रीतसर मागणी घालतो, मिर्यमच्या घरच्या पद्धतीने लग्नाला उभा राहतो आणि विवाहाच्या करारपत्रावर आपले नाव लिहितो. जिथे बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि घ्यायचेच तर उखाण्याआडून, अशा रिवाजात आमच्या आज्या जगल्या. त्यामुळे इथे नवऱ्याने बायकोच्या हाती आपले नाव सोपवणे म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. या माणसाने तिला बळजबरीने नेले होते, हे नोव्हिक विसरत नाहीत आणि मिर्यमही विसरत नाही. तो आपल्या वागणुकीचा हिशेब शेवटच्या दमडीपर्यंत चुकता करतो, मगच ती होकार देते. मास यांच्या रीसँडला हा हिशेब चुकवावा लागला नाही. माझ्या लेखी दोन्ही पुस्तकांच्या प्रतीतला फरक तिथे आहे.

शेवटी पालकांचा प्रश्न. या पुस्तकांत उघड शृंगार आहे, तर मुलींना द्यावीत का? मास यांची मालिका आधी किशोरवयीनांसाठी म्हणून विकली गेली आणि २०२० मध्ये तिची मुखपृष्ठे बदलून ती प्रौढांच्या विभागात आणली गेली. हा बदल योग्य होता, पण उशिरा झाला. दुसऱ्या भागापासूनचे लेखन बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अश्लील म्हणून ओरड करणाऱ्यांनी आपल्याकडचे 'श्यामा' प्रकरण आठवावे. चंद्रकांत काकोडकरांच्या या दिवाळी अंकातल्या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. शृंगार असणे आणि पुस्तक वाईट असणे यांची गल्लत तेव्हाही झाली, आजही होते.

म्हणून वाचनालयाला माझी एक विनंती. ही पुस्तके घ्यावीत, प्रौढांच्या कपाटात ठेवावीत, आणि एखादी शाळकरी मुलगी मागायला आली तर 'नाही आहे' असे खोटे सांगू नये. पुस्तक आहे, त्यात अमुक प्रकारचे प्रसंग आहेत, म्हणून आत्ता देत नाही, दोन वर्षांनी ये, असे कारणासह सांगावे. आणि तोवर तिला 'स्पिनिंग सिल्व्हर' द्यावे. खरेदी समितीसाठी मी केलेली यादी ग्रंथपालांकडे दिली आहे. त्यात पहिले नाव तेच आहे, आणि त्याच्या किमान दोन प्रती घ्याव्यात असे लिहिले आहे.